घाटेअळी मारण्याआधी तिच्या पोटात कोण आहे ते बघा

शिरूर-बारामतीकडे हरभऱ्याच्या शेंड्याची पानं खरवडल्यासारखी पांढरट दिसू लागली की घाटेअळी आली समजा. पण यातल्या काही अळ्यांच्या पोटात कॅम्पोलेटिस क्लोरिडी या बारीक गांधीलमाशीचं पोर वाढत असतं. माशीचीही अळीच, पण गोंधळ नको म्हणून तिला पोर म्हणू.

किती अळ्यांत पोर आहे ते मोजायला सकाळी शेताच्या पाच ठिकाणांहून मिळून ४ ते ७ मिलिमीटरच्या २० अळ्या वेचा. मोठ्या नकोत, माशी अंडं घालते ते लहान अळीत. ओल्या मऊ ब्रशने उचला, चिमटीत धरली की अळी दबते. एका डबीत एकच, कारण घाटेअळ्या एकमेकींना खातात. तळाला टिपकागद, वर कोवळा शेंडा, झाकणाला सुईची भोकं. शेंडा रोज बदला. डबीला आतून पाणी सुटलं की बुरशी येते आणि मोजणी वाया जाते.

पहिले दोन-तीन दिवस बाहेरून काही कळत नाही. घडतं ते आत. एरवी अळीच्या रक्तपेशी परक्या अंड्याभोवती थर चढवून त्याला गुदमरवतात. माशी अंड्यासोबतच एक विषाणू सोडते. तो अळीत वाढत नाही, पण या पेशींना लुळं करतो. पोर आधी अळीचं रक्त पितं, मग चरबी खातं. श्वास कातडीतूनच. अळी जगायला लागणाऱ्या अवयवांना ते शेवटपर्यंत तोंड लावत नाही, कारण अळी मेली तर शिधा संपला. त्याचं आतडं मागून बंद असतं, म्हणून खाणं संपेपर्यंत ते आत घाणही करत नाही. एका अळीत दोन अंडी पडली तरी एकच पोर उरतं.

साधारण आठवड्यात अळी खाणं सोडते, फिकट पडते. पोर कूस फोडून बाहेर येतं आणि तिथेच कोष विणतं: आंबेमोहोराच्या दाण्याएवढा, मळकट पांढरा, शेजारी अळीचं चिमटलेलं कातडं. काळी पडून पाण्यासारखी फुटलेली अळी विषाणूरोगाची (हा माशीचा विषाणू नव्हे), ती वेगळी मोजा. पहिल्याच दिवशी मेलेल्या मोजणीतून वगळा.

ओळीच्या दर मीटरला १-२ अळ्या दिसत असतील तर मात्र डब्यांच्या निकालाची वाट बघू नका, ५ टक्के निंबोळी अर्क मारा. त्याहून कमी असतील आणि डब्यांत कोष निघत असतील तर फवारणी लांबवा. अळी लवकर मेली तर आतलं पोरही मरतं. पुढच्या पेरणीत हरभऱ्यात धने टाका. धन्याच्या फुलोऱ्यावर ही माशी येते.