शर्यतीच्या जनावरांची डॉक्टरकी: सुरुवात कुठून करायची

इंटर्नशिपची पोरं-पोरी विचारतात, "मॅडम, स्पोर्ट्स मेडिसिन करायचं तर बाहेर जावं लागेल का?" अमेरिकेत 2010 पासून ही मान्यता मिळालेली वेगळी शाखा आहे, जमलं तर जरूर जा. पण मी साताऱ्यात बसून हेच काम करते. इथलं जनावर, इथला मालक आणि इथला कायदा तिकडे कुणी शिकवणार नाही.

कागदाचं आधी उरकू. नीटची प्रवेश परीक्षा, साडेपाच वर्षांची पदवी, पशुवैद्यक परिषदेची नोंदणी. एम.व्ही.एस्सी., म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, करणार असाल तर शल्यचिकित्सा आणि क्ष-किरण घ्या. मेडिसिनवाले रागावतील, पण या कामात बहुतेक तक्रारी पायाच्या असतात.

पदवीनंतर थेट बैलांकडे वळू नका, आधी घोड्यांत राहा. रेसचा हंगाम पावसाळ्यात पुण्यात आणि हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीला असतो. एखाद्या सीनियर डॉक्टरांच्या हाताखाली पहाटे तबेल्यात उभं राहा. पगार विचारा, पण त्यावर अडून बसू नका. तिथे रोज सकाळी घोड्याच्या पायावरून हात फिरवायचा असतो: पुढच्या पायाचं नळीचं हाड, त्यामागचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), खूर गरम लागतंय का. तोच पाय महिनाभर चाचपला की टेंडन कालपेक्षा जरा जाड लागतोय हे बोटांना आधी कळतं, सोनोग्राफीला नंतर. जोरात पळालेल्या घोड्याच्या फुफ्फुसात रक्त येतं, पण ते नाकापर्यंत क्वचितच पोचतं. त्यासाठी एंडोस्कोप, म्हणजे आत बघायची कॅमेऱ्याची नळी, हाताळायला शिका. सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये (जनावरं सांभाळणारा विभाग) शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची अधिकाऱ्याची नोकरी, ही दुसरी चांगली वाट.

आता बैल. सुप्रीम कोर्टाने 2014 साली बैलगाडा शर्यती बंद केल्या, राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, 1000 मीटरच्या आतली धाव, नोंदणीकृत डॉक्टरचा फिटनेस दाखला, या अटी आहेत. नियम मोडून बैलाला इजा केली तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दाखल्यावर सही तुमची असते, म्हणून तो कसा द्यायचा ते जरा सविस्तर.

तपासणी टेम्पोपासून सुरू करा. बैल फळीवरून उतरताना कुठला पाय आधी टाकतो, कुठला जपतो, ते लांबून बघा. मग त्याला सावलीत बांधू द्या. हलगी वाजत असताना नाडी मोजली तर ती हलगीचीच मोजल्यासारखी होते. शांत झाल्यावर शेपटीखाली नाडी, कुशीकडे बघून श्वास आणि थर्मामीटर. ताप 101 ते 102.5 फॅरनहाइटच्या आत हवा.

त्यानंतर कडक जमिनीवर चालवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. दोन्ही बाजूंना आखूड वळण घ्यायला लावा, लपवलेलं लंगडणं वळणावर उघडं पडतं. सकाळी पहिल्या पावलांना मागचा पाय ताठ राहून झटक्याने पुढे येत असेल, तर मालक म्हणणार, "थंडीनं आखडलाय, मॅडम." चार पावलांनी तो मोकळाही होतो. तरी बैल थोडा वेळ उभा करून पुन्हा चालवा. पुन्हा झटका दिसला तर मागच्या गुडघ्याची वाटी वर अडकतेय. आतल्या बाजूचं बंधन कापायचं छोटं ऑपरेशन आहे, आराम लगेच पडतो. पण त्या दिवशी दाखला नाही.

शेवटी हात लावायचा. वशिंडापुढे खांदेसूज, पत्रीखालची (बैलाच्या नालेखालची) खुराची ऊब, दोन नखांमधली जागा. शेपटीच्या मणक्यांवरून बोटं फिरवा. पिरगाळलेली, चावलेली शेपूट गाठीगाठींनी लागते, आणि त्यावर मालकाला काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बरंच बोलते.

मानेवर ताजी गाठ लागली तर इंजेक्शन कसलं ते विचारा. दुखणं दाबलेला बैल मान हलवत नाही, सरळ पळतो आणि पाय कायमचा घालवून बसतो. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक तर, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून, 2006 पासून जनावरांसाठी बंदच आहे. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक चालतं, पण ते बैलाच्या अंगात घोड्यापेक्षा बराच जास्त वेळ राहतं. घोड्याचा हिशोब इथे लावू नका. त्या आठवड्यात वेदनाशामक दिलं असेल तर मी सही करत नाही.

नकार चारचौघांत देऊ नका. "आण्णा, जरा इकडे या" म्हणून बाजूला घ्या आणि त्यांचाच हात गरम खुरावर ठेवा. ज्याने तो बैल खोंड असल्यापासून सांभाळलाय, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. आयोजकांकडून दिवसाची फी आधी ठरवून घ्या. दर दाखल्यामागे पैसे घेतले की नाही म्हणायला जीभ वळत नाही.

खुराकाचं मात्र तोंड वाजवून सांगावं लागतं. अंडी, दूध, गव्हाचं पीठ, उडीद, सगळं एकदम सुरू करतात. पोटात आम्लता वाढते आणि खुरांना सूज येते. बैल जपून, काट्यावरून चालल्यासारखा चालतो. कडबा पोटभर, खुराक हळूहळू वाढवायचा. कॅनॉलला पोहायला नेणं दमासाठी उत्तम, पण हाडं पोहून घट्ट होत नाहीत, त्यांना जमिनीवरची चाल लागते. पक्के दात न आलेल्या आदत खोंडाला सारखं पळवणाऱ्याला हे दोनदा सांगा.

पैशाचं खरं सांगते. यात्रांचा हंगाम संपून पाऊस लागला की हे काम आटतं. माझं घर होल्स्टीन गाईंवर चालतं. म्हणून पहिलं मशीन घेताना पोर्टेबल सोनोग्राफी घ्या, लिनियर (सरळ पट्टीच्या) प्रोबवालं. गाभण तपासणीतून त्याचे हप्ते फिटतात, आणि तोच प्रोब नीट लावला तर घोड्याचा टेंडनही दाखवतो.