राक्षसी मिनिएचर रंगवताना या चुका टाळा

मिनिएचर म्हणजे छोट्या आकाराच्या मूर्ती. त्यांच्या रंगकामाला नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली मूर्ती चिलखती योद्ध्याची न घेता एखाद्या राक्षसी प्राण्याची घ्यावी, असे माझे मत आहे. योद्ध्याचा चेहरा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि त्यात डोळा किंचित तिरका झाला तरी नजरेत भरतो. ड्रॅगनच्या अंगावर मात्र खवले, सुरकुत्या, केस आणि मणके असतात आणि रंगाचा निम्मा परिणाम हा पृष्ठभागच साधून देतो. तरीही अनेकांच्या पहिल्या मूर्ती गढूळ, खडबडीत किंवा पांढरट दिसतात. याचे कारण बहुतेक वेळा हाताच्या कौशल्यात नसते. पृष्ठभागाला न शोभणारी पद्धत वापरली जाते किंवा आधीचा थर वाळण्यापूर्वीच पुढचा चढवला जातो.

पूर्वतयारीतल्या चुका थोडक्यात सांगता येतात. रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेसारख्या द्रव्याच्या) मूर्तीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहिलेला असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून ती कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवावी. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर उमटलेली रेघ सुरीच्या पात्याने हलकेच खरवडून काढावी, कारण प्रायमरखाली (रंग नीट धरावा म्हणून आधी दिलेल्या थराखाली) ती लपत नाही, उलट अधिक स्पष्ट होते. स्प्रे प्रायमर साधारण 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून, छोट्या फवाऱ्यांत मारावा. फार दूरून मारल्यास रंगाचे कण हवेतच अर्धवट वाळतात आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. फार जवळून मारल्यास खवल्यांमधल्या खाचा बुजतात.

सर्वांत जास्त नुकसान बाटलीतला ॲक्रिलिक रंग थेट मूर्तीवर लावल्याने होते. जाड थरात ब्रशचे ओरखडे उमटतात, बारीक कोरीवकाम झाकले जाते आणि पुढच्या कोणत्याही पद्धतीला पकडायला खाचखळगेच उरत नाहीत. रंग पॅलेटवर काढून त्यात थोडे थोडे पाणी मिसळावे आणि दुधाइतका पातळ झाला की थांबावे. पहिल्या थरातून प्रायमर दिसतो, म्हणून घाबरून लगेच दुसरा हात फिरवण्याचा मोह होतो आणि नेमके तिथेच बिनसते: अर्धवट वाळलेला पापुद्रा ब्रशबरोबर उचलला जाऊन तिथे ओबडधोबड चट्टा पडतो. असे झाल्यास त्या जागी पुन्हा पुन्हा ब्रश फिरवू नये; ती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच दुसरा पातळ थर द्यावा. पिवळा, लाल आणि पांढरा हे रंग मुळातच कमी झाकतात, त्यामुळे त्यांना तीन-चार थर लागले तर त्यात वावगे काही नाही. याउलट रंग खाचांत ओघळत असेल आणि उंचवट्यांवर टिकत नसेल, तर पाणी जास्त झाले आहे किंवा ब्रश फार भरला आहे, असे समजावे. ब्रश टिश्यूवर एकदा टेकवून घेतला तरी निम्मी अडचण सुटते.

खाचांमध्ये आपोआप उतरून सावली तयार करणारा पातळ गडद रंग म्हणजे वॉश. खवले आणि केस यांच्यावर तो अप्रतिम काम करतो, पण सपाट पंखांवर, गुळगुळीत पोटावर किंवा मोठ्या शिंगांवर सढळ हाताने ओतला की वाळताना कडेला डागांच्या रेषा सोडतो. अशा ठिकाणी वॉश केवळ सांध्यांत आणि शिरांच्या कडेने लावावा. एखाद्या ठिकाणी डबके साचलेच, तर ते ओले असतानाच स्वच्छ, किंचित दमट ब्रशच्या टोकाने शोषून घ्यावे. वॉश वाळू लागल्यावर मात्र त्याला हात लावू नये. डाग वाळून गेला असेल, तर मूळ रंगाचा पातळ थर उंच भागांवर पुन्हा द्यावा. वर आणखी वॉश ओतून डाग मिटत नाही. वॉशमुळे एकूण छटा गडद होते, हे ध्यानात घेऊन मूळ रंग हवा त्यापेक्षा थोडा उजळ निवडणे शहाणपणाचे ठरते.

वॉश पूर्ण वाळल्यावर ड्रायब्रशची पाळी येते. जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवून केवळ कडा उजळवण्याची ही पद्धत सोपी आहे, पण ब्रशमध्ये ओल राहिली तर कडांऐवजी सगळीकडे फराटे ओढले जातात. रंग घेतल्यावर ब्रश पुसत राहावे आणि अंगठ्याच्या त्वचेवर फिरवून पाहावे. रेषांवर अगदी पुसट रंग दिसला तरच तो मूर्तीकडे न्यावा. केसांच्या किंवा खवल्यांच्या रांगेला आडवा हात फिरवल्यास कडा रंग चांगला पकडतात. परिणाम धुरकट, खडूसारखा वाटत असेल, तर त्यावर मूळ रंगछटेचा अतिशय पातळ थर दिल्यास तो बराच सौम्य होतो. या कामासाठी मऊ गोल मेकअप ब्रश उत्तम. टोकदार चांगला ब्रश यात वाया घालवू नये. दात, नखे आणि डोळे ड्रायब्रशनंतरच रंगवावेत, कारण आधी रंगवले तर ते हमखास पुन्हा रंगवावे लागतात.

उजळ छटा करण्यासाठी प्रत्येक रंगात पांढरा मिसळण्याची सवयही सोडावी. लालात पांढरा घातला की राक्षस गुलाबी होतो (हेतुपुरस्सर असेल तर हरकत नाही). लालासाठी नारिंगी आणि हिरव्यासाठी पिवळसर छटा अधिक जिवंत दिसते. दातही शुद्ध पांढरे न करता हाडाच्या फिकट पिवळट रंगाचे करावेत आणि मुळाशी तपकिरी वॉशचा एक थेंब सोडावा.

शेवटी मॅट (चमक नसलेले) संरक्षक वार्निश मारताना हवेत दमटपणा असेल किंवा थर जाड बसला असेल, तर पूर्ण मूर्तीवर पांढरट धुके चढू शकते. आधी एखाद्या टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर फवारून पाहावे. धुके आलेच, तर ब्रशने ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा एक थर द्यावा. अनेकदा त्याने रंग पुन्हा उघडे पडतात आणि तो वाळल्यावर कोरड्या हवेत मॅटचा पातळ थर देता येतो. डोळे आणि लाळेने भरलेला जबडा यांवर ग्लॉसचा थेंब मॅटनंतर ठेवावा.

काहीच जमले नाही आणि मूर्ती कठीण प्लास्टिकची असेल, तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास ठेवून जुन्या टूथब्रशने ॲक्रिलिक रंग काढता येतो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास ज्योत नसावी. रेझिनच्या मूर्तीचा आधी एखादा न दिसणारा कोपरा तपासावा, कारण काही रेझिन यात मऊ पडतात. नंतर मूर्ती साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा प्रायमर द्यावा. खोल खाचांत थोडा जुना रंग राहिला तरी तो नव्या प्रायमरखाली सहसा झाकला जातो.