पाकिटावरचे डेसिबल, कानातले डेसिबल

खाणीतल्या आवाजाच्या कामात नव्याने येत असाल, तर मोजणीआधी एक अख्खी पाळी कामगारांसोबत काढा. मला हे उशिरा कळलं.

माझं पहिलं काम विदर्भातल्या एका भूमिगत खाणीत होतं. जॅकहॅमर चालवणाऱ्याच्या खांद्यावर डोसीमीटर (अंगावर लावायचं आवाज मोजणारं यंत्र) लावला, ड्रिलिंगच्या वेळी आवाज भरला 104 डेसिबल. फोमच्या इअरप्लगच्या पाकिटावर, तो किती डेसिबल अडवतो त्याचा आकडा, 33 लिहिलेला. अमेरिकी रीतीप्रमाणे त्यातून 7 वजा केले, उरलेले 26 पुन्हा 104 मधून, कानाशी 78. अहवालात ‘पुरेसे’ असं लिहून मी मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी तोच ड्रिलर एका कानातला प्लग काढून काम करताना दिसला. विचारलं तर म्हणाला, “काढाच लागते मॅडम. छत बोलते, ते आयकाले पाह्यजे.”

त्याचं बरोबर होतं. छताची करकर ऐकू आली नाही तर जीव जातो. बहिरेपण यायला वर्षं लागतात. कामगार निष्काळजी असतात, असं तुम्हालाही कुणीतरी सांगेल. आधी प्लग का काढला ते विचारा.

त्या रात्री नव्याने हिशोब मांडला. 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे 104 मध्ये अर्धा तास उघडा राहिलेला कान एकट्या त्या अर्ध्या तासामुळे आठ तासांच्या सरासरीने 92 वर जातो. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या 1975 च्या परिपत्रकात 85 ही इशाऱ्याची आणि 90 ही धोक्याची पातळी आहे. उरलेले साडेसात तास प्लग कितीही घट्ट बसवला, तरी हे 92 खाली येत नाहीत. उलट प्रत्यक्षात फक्त 20 डेसिबल अडवणारा, पण पाळीभर कानात राहणारा प्लग 104 चे 84 करतो. म्हणून ड्रिलरसाठी सगळ्या कंप्रता (जाड-बारीक सगळे आवाज) सारख्याच प्रमाणात कमी करणारे प्लग आधी तपासावेत, म्हणजे छत ऐकायला प्लग काढावा लागणार नाही, असं माझं मत झालं. सर्वांत मोठ्या आकड्याचा प्लग बहुतेक वेळा चुकीची निवड ठरतो.

तो 20 चा आकडाही त्याच माणसाच्या कानात मोजावा लागतो. शांत खोलीत प्लगशिवाय आणि प्लगसह किती हळू आवाज ऐकू येतो ते पाहायचं. दोन्हींतला फरक म्हणजे त्याचं खरं संरक्षण. फोमचा प्लग असेल तर तो कसा घालतात तेही बघा: नीट वळून बारीक केलाय का, कानाचा वरचा भाग वर-मागे ओढलाय का, फुगेपर्यंत बोटाने धरलाय का. धुळीच्या हातांनी वळलेला फोम कानात घालायला नको वाटतो, त्यामुळे हात धुण्याची सोय कुठे आहे तेही टिपून ठेवा. इअरमफ (कान बाहेरून झाकणाऱ्या वाट्या) असेल तर चष्म्याच्या दांडीपाशी फट राहते का ते पाहा.

आणि पहिला ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा घेऊ नका. आधी किमान 14 तास त्याचा कान गोंगाटापासून दूर हवा. नाहीतर तात्पुरता थकलेला कानच त्याचा मूळ कान म्हणून कायमचा नोंदला जाईल.