प्रचारात मित्रदेशाचा अपमान झाला? मग या चुका तरी टाळा

ट्युबिंगेन हे दक्षिण जर्मनीतलं विद्यापीठाचं गाव. 18 सप्टेंबर 2002 रोजी, मतदानाला चार दिवस उरलेले असताना, जर्मनीच्या न्यायमंत्री हेर्टा डॉयब्लर-ग्मेलिन तिथे कामगार संघटनेच्या तीसेक लोकांशी बोलत बसल्या होत्या. विषय अमेरिका इराकवर करू पाहत असलेल्या युद्धाकडे वळला. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना देशातल्या अडचणींवरून लोकांचं लक्ष वळवायचंय, ही जुनीच युक्ती आहे, हिटलरनेही तेच केलं होतं, अशा अर्थाचं बाई बोलून गेल्या. खोलीत 'श्वेबिशेस टागब्लाट' या स्थानिक दैनिकाचा बातमीदार होता. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं आणि बघता बघता वॉशिंग्टनला पोचलं.

जर्मनी आणि अमेरिका म्हणजे नाटो या लष्करी युतीतले पक्के सोबती. जर्मन भूमीवर हजारो अमेरिकी सैनिक, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अफगाणिस्तानात दोघांच्या फौजा. आपल्याकडच्या व्याह्यांसारखं नातं: रुसता येतं, अबोला धरता येतो, पण सोयरीक मोडता येत नाही. म्हणूनच अशा वेळी कोणी काय चुकवलं, हे बारकाईने बघण्यासारखं आहे. भाषणं लिहिणारे, पक्षांचे प्रवक्ते आणि अशा बातम्या चवीने वाचणारे आपण सगळे, यात प्रत्येकासाठी काहीतरी आहे.

"इथे आपलीच माणसं आहेत"

पहिली चूक अगदी साधी. लाखाच्या सभेत माणूस जपून बोलतो, कारण समोर कॅमेरे दिसतात. घसरतो तो तीस जणांच्या खोलीत. श्रोते माना डोलावतात, आवाज मोकळा होतो आणि तोंडाचा पट्टा सुटतो. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात मंत्र्याच्या तोंडून निघालेलं काहीही खासगी नसतं. 2002 मध्ये निदान छापखाना मध्ये होता, आता समोरच्या प्रत्येकाच्या हातात फोन असतो.

शब्दाचं वजन आपल्या तराजूत तोलणं

मराठीत 'हिटलरशाही' हा शब्द आपण ग्रामपंचायतीच्या सरपंचापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत कोणालाही लावतो. ऐकणारा हसतो आणि विसरतो. जर्मनीत तसं नाही. तिथे हे नाव घेणं म्हणजे स्वतःच्या देशाच्या सर्वात काळ्या पानावर बोट ठेवणं. त्यातून बोलणारी व्यक्ती न्यायमंत्री, स्वतः कायद्याच्या जाणकार. आणि ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्या देशाने हिटलरविरुद्ध आपली पोरं युरोपात पाठवलेली. एकाच शब्दाची तीन ठिकाणी तीन वजनं होती.

असाच घोळ 2017 मध्ये तुर्कस्तानने घातला. हेही नाटोतलंच प्रकरण. राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवण्यासाठी 16 एप्रिलला तिथे सार्वमत होतं आणि युरोपात राहणाऱ्या तुर्की मतदारांपुढे प्रचार करायला तुर्की सरकारचे मंत्री निघाले होते. 11 मार्चला नेदरलँड्सने तुर्की परराष्ट्रमंत्र्यांचं विमान उतरू दिलं नाही. कुटुंबकल्याण खात्याच्या मंत्री जर्मनीतून मोटारीने रॉटरडॅमला आल्या, तर त्यांना वाणिज्य दूतावासाजवळ अडवून परत सीमेपर्यंत पोचवलं. तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी डच लोकांना 'नाझींचे अवशेष' म्हटलं. ज्या शहरावरून हे पेटलं, ते रॉटरडॅम 14 मे 1940 रोजी नाझी विमानांनीच बाँब टाकून जमीनदोस्त केलेलं. शिवी देताना इतका चुकीचा पत्ता क्वचितच निवडला गेला असेल.

खुलाशाचे दोन दोर, दोन्ही वेगळ्या दिशांना

मूळ वाक्यापेक्षा त्यानंतरच्या दोन दिवसांत जास्त नुकसान झालं, असं माझं मत. डॉयब्लर-ग्मेलिन यांचा एक खुलासा असा की, मी माणसांची तुलना केलेली नाही, पद्धतींची केली. दुसरा असा की, माझ्या तोंडी घातलेलं हे वाक्य मी बोललेच नाही. आता हे दोन्ही एकदम खरं कसं असेल? पद्धतींची तुलना केली म्हणजे काहीतरी बोललात. बोललाच नसाल तर पद्धतींचा प्रश्नच येत नाही. वकिली डोक्याला हा पर्यायी बचाव वाटत असेल, पण ऐकणाऱ्याला तो फक्त पळवाट दिसतो. व्हाइट हाउसचे प्रवक्ते आरी फ्लायशर यांनी जाहीर निषेध केला. सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस म्हणाल्या की वातावरण विषारी झालं आहे.

अशा वेळी खुलासा एकच असावा, एकाच तोंडून यावा आणि पहिल्या बारा तासांत यावा. एखादं वाक्य खरंच बोललो असू, तर ते मागे घ्यायला एक वाक्य पुरतं.

'कथित' या शब्दावर उभी केलेली माफी

आता या प्रकरणाचा गाभा. 20 सप्टेंबरला चान्सलर, म्हणजे जर्मनीचे सरकारप्रमुख, गेरहार्ड श्रोडर यांनी बुश यांना पत्र लिहिलं. आशय असा: आमच्या न्यायमंत्र्यांच्या कथित विधानामुळे तुम्हाला दुखावणारा समज निर्माण झाला, याचं मला वाईट वाटतं. आपण असं बोललो नाही, असं त्यांनी मला सांगितलं आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांचा संबंध गुन्हेगाराशी जोडणाऱ्याला माझ्या मंत्रिमंडळात जागा नाही.

एकेक वाक्य सुटं वाचलं तर सभ्य आहे. एकत्र वाचा. वाईट कशाचं वाटतं? समज झाल्याचं. विधानाचं काय? ते कथित. बोलणाऱ्याला जागा नाही म्हणता, पण बाई तर मंत्रिमंडळातच आहेत! म्हणजे पत्राच्या तर्कानुसार त्या बोललेल्याच नाहीत आणि तुम्ही उगाच रागावलात. लग्नात मानपान चुकल्यावर मुलाकडच्यांनी "तुमचा गैरसमज झाला असेल तर माफ करा" म्हणावं, आणि विहीणबाई आणखी भडकाव्यात, तसंच झालं. व्हाइट हाउसने ते पत्र माफी म्हणून स्वीकारलं नाही.

श्रोडर यांची अडचण समजण्यासारखी आहे. मतदान 22 तारखेला. मंत्र्याला काढावं तर आपलेच कार्यकर्ते नाराज, ठेवावं तर अमेरिका नाराज. आणि लढत खरोखरच काठावरची होती: त्यांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि एडमंड श्टॉयबर यांची विरोधी सीडीयू-सीएसयू आघाडी, दोघांनाही 38.5 टक्के मतं मिळाली आणि श्रोडर यांचा पक्ष अवघ्या 6,027 मतांनी पुढे राहिला. म्हणून ते मतदानापर्यंत थांबले. 23 सप्टेंबरला डॉयब्लर-ग्मेलिन यांनी नव्या मंत्रिमंडळात आपण नसू असं जाहीर केलं. किंमत अखेर मोजावी लागलीच, फक्त ती मोजल्याचं श्रेय कोणी दिलं नाही. बूँद से गई वो हौद से नहीं आती, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

माफीत 'जर', 'कथित', 'समज' आणि 'दुखावले असाल तर' यांपैकी एकही शब्द आला, तर ते पत्र न पाठवलेलं बरं.

मतभेद आणि अपमान एकाच पोत्यात भरणं

श्रोडर यांचा इराकबद्दलचा मुद्दा मुळात भक्कम होता. 5 ऑगस्टला हानोफरच्या सभेत त्यांनी सांगितलं होतं की माझ्या नेतृत्वाखाली जर्मनी अशा साहसांना उपलब्ध नसेल. हा धोरणातला मतभेद. कोणत्याही मित्राने मित्राला तोंडावर सांगावा असा. पण प्रचारात त्याची धार वाढत गेली. अमेरिकेचे राजदूत डॅन कोट्स यांनी चान्सलरच्या कार्यालयात नाराजी आधीच पोचवली होती. राजदूत स्वतः चालून येतो, तेव्हा ती धोक्याची घंटा समजावी. त्याऐवजी त्याच प्रचारात पक्षाचे संसदीय नेते लुडविग श्टीगलर यांनी बुश यांची तुलना रोमन सम्राट ऑगस्टसशी केली.

परिणाम काय झाला? ज्यांना इराकच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं नव्हतं, त्यांची सोय झाली. युद्धाचं कारण काय, पुरावे कुठे आहेत, या अवघड प्रश्नांवर बोलण्याऐवजी अपमानावर बोलता येऊ लागलं. शिवी देणारा स्वतःच्याच युक्तिवादाची हवा काढून घेतो, ती अशी.

रुसणाऱ्याच्याही चुका असतात

हे सहसा कोणी लिहीत नाही. निवडून आलेल्या मित्रदेशाच्या प्रमुखाला अभिनंदनाचा फोन करायची रीत आहे. बुश यांनी तो केला नाही. वॉर्सातल्या नाटो बैठकीत संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी जर्मन प्रचारामुळे संबंध विषारी झाल्याचं बोलून दाखवलं आणि जर्मन संरक्षणमंत्री पीटर श्ट्रुक यांना वेगळी भेट दिली नाही. श्ट्रुक यांचा या वाक्याशी काडीचाही संबंध नव्हता. राग एकावर आणि वचपा दुसऱ्यावर.

नाराजी दाखवायचीच असेल तर तिची मुदत आधी ठरवावी. मुदत न घालता धरलेला अबोला सोडायला मग निमित्त शोधत बसावं लागतं. नेदरलँड्स आणि तुर्कस्तानचं तेच झालं: मार्च 2017 मध्ये सुरू झालेलं भांडण, फेब्रुवारी 2018 मध्ये डच सरकारने राजदूत अधिकृतपणे मागे घेतला, आणि समेट जमायला जुलै उजाडला.

बिघडलंच आहे, आता काय?

जर्मनीने नंतर जे केलं ते मात्र बऱ्यापैकी शिस्तीत केलं. श्रोडर 24 सप्टेंबरला लंडनला ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याकडे गेले, म्हणजे बुश ज्याचं ऐकतील अशा माणसाकडे. परराष्ट्रमंत्री योश्का फिशर ऑक्टोबरच्या अखेरीस वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना भेटले. प्रमुखांचं बोलणं बंद असताना दुसऱ्या फळीची दारं उघडी ठेवायची असतात. आणि तिसरं, शब्दांनी बिघडलेलं कामाने सावरायचं. काबूलमधल्या आंतरराष्ट्रीय फौजेचं नेतृत्व फेब्रुवारी 2003 मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी मिळून घेतलं. इराक युद्धाला विरोध कायम ठेवूनही अमेरिकी विमानांना जर्मन आकाश आणि जर्मनीतले तळ वापरू दिले.

यामुळे सगळं गोड झालं असं समजू नका. जानेवारी 2003 मध्ये रम्सफेल्ड यांनी जर्मनी आणि फ्रान्सला 'जुना युरोप' म्हणून हिणवलं. पुढच्याच महिन्यात म्युनिकमध्ये फिशर यांनी त्यांच्यासमोर सांगितलं की तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. पण या खेपेला भांडण युद्धावर होतं, कोणाला काय म्हटलं यावर नव्हतं.

अबोला मात्र त्याआधीच सुटला होता. 5 नोव्हेंबरला अमेरिकेत मध्यावधी निवडणूक झाली, बुश यांचा पक्ष जिंकला. तीन दिवसांनी श्रोडर यांनी व्हाइट हाउसला फोन लावला. दीड महिन्यापूर्वी ज्यांना अभिनंदनाचा फोन यायला हवा होता, त्यांनीच तो केला.