फॅमिली हिस्टरी युनिव्हर्सिटीत शिकायचीय? मग सुरुवात अशी करा

फॅमिली हिस्टरी म्हणजे नुसती वंशावळ काढणं नाही, त्याचे रीतसर कोर्स असतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया युनिव्हर्सिटीचा डिप्लोमा ऑनलाइन करता येतो, आणि जुनी हस्ताक्षरं वाचायला शिकायचं असेल तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटी बघा. सिलॅबसमध्ये रिसर्च आणि लेखन दोन्ही आहे ना ते आधी तपासा.

पण ॲडमिशनची वाट बघत बसू नका, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी आत्ताच बोला आणि रेकॉर्ड करा. "लहानपणाचं सांगा" असं मोघम विचारलं की दोन वाक्यांत संपतं, त्यापेक्षा जुना फोटो हातात द्या नि विचारा, मागे उभं कोण आहे, हे घर कुणाचं, फोटो काढला कुणी... मग बघा कसे बोलत सुटतात!

प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते लिहाच. मृत्यूच्या दाखल्यावरची जन्मतारीख दुसऱ्याच कुणीतरी सांगितलेली असते, तिच्यावर डोळे झाकून विश्वास नको. लिहिताना पूर्वजांच्या तोंडी मनाचे संवाद घालू नका, ते कुठे राहायचे, काय काम करायचे हे बारकाईने मांडलं की माणूस आपोआप उभा राहतो. अंदाज असेल तिथे सरळ "बहुतेक" लिहा.