विशेष शिक्षकाची पहिली वर्षं : ताण कुठून येतो आणि मी काय काय बदललं

विशेष मुलांना शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली. "केवढा संयम आहे हो तुमच्यात!" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवते. पहिल्या दीड वर्षात मी राजीनाम्याचा अर्ज दोनदा लिहून फाडला आणि दोन्ही वेळा कारण मुलं नव्हती. माझं काम नेमकं कुठवर, ते जमतंय की नाही हे ओळखायचं कसं आणि अडलं तर हाक कोणाला मारायची, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणात अक्षमतेचे प्रकार पाठ करून घेतात. हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या वर्षी वर्गात नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. शब्द मोजके. दिवसातून एकदा तरी टेबलावरचं सगळं भिरकावून द्यायचा. मी त्याला व्हरांड्यात नेऊन बसवायचे, शांत झाला की आत आणायचे. दोन आठवड्यांत तोच प्रकार दिवसातून चार-पाच वेळा व्हायला लागला. रात्री अंथरुणावर पडलं तरी वस्तू आपटल्याचा आवाज कानात. आपण या कामाच्या नाहीच, असं मी ठरवूनही टाकलं होतं. मग एका ज्येष्ठ ताईंनी अर्धा तास वर्गात बसून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अगं, फेकायच्या आधी काय होतं, ते लिहिलंयस का कुठे?"

लिहिलं नव्हतं. आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर काय झालं, अशा तीन रकान्यांची एबीसी नोंद मी परीक्षेत व्यवस्थित लिहून आले होते. वर्गात एकदाही केली नव्हती. आठ दिवस रकाने भरले आणि चित्र उघडं पडलं. फेकाफेक बहुतेक वेळा लेखनाचा कागद समोर आला की व्हायची. त्यानंतर मी त्याला बाहेर न्यायचे, म्हणजे कागदापासून सुटका. फेकलं की सुटता येतं, हे मीच त्याला रोज शिकवत होते आणि तो ते छान शिकला होता.

मुलाच्या अवघड वागण्यामागे साधारण चार कारणं शोधतात : लक्ष हवंय, वस्तू हवीय, कामातून सुटका हवीय, किंवा त्या हालचालीतूनच शरीराला काही मिळतंय. 1985 मध्ये कार आणि ड्युरँड या दोन संशोधकांनी दाखवलं, की त्याच कारणासाठी मुलाला मागायची दुसरी, सोपी रीत शिकवली तर अवघड वागणं कमी होतं. आम्ही त्याला 'थांबूया' असं एक चित्रकार्ड दिलं. कार्ड दिलं की लगेच दोन मिनिटं विश्रांती, एकही प्रश्न न विचारता. कागदावरच्या ओळीही कमी केल्या. फेकणं पूर्ण थांबायला तीन महिने लागले, पण माझी झोप पहिल्याच आठवड्यात परत आली. वर्गात काय चाललंय ते कळायला लागलं होतं, म्हणून.

इथेच एक गोष्ट आधी माहीत असावी. लक्ष वेधण्यासाठी ओरडणाऱ्या मुलाकडे तुम्ही ठरवून लक्ष देणं थांबवलंत, तर ओरडणं आधी वाढतं. विझताना दिवा मोठा होतो, तसंच. नवे शिक्षक नेमके तेव्हाच घाबरून माघार घेतात आणि मुलाला कळतं की जास्त जोरात ओरडलं की काम होतं. हे वाढणार, असं आदल्या दिवशी मदतनीस, पालक आणि शेजारच्या वर्गातल्या शिक्षिका या सगळ्यांना सांगून ठेवा. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर मात्र हा मार्ग एकट्याने धरू नका.

कागदपत्रांबद्दल माझं मत बरंच बदललं आहे. सुरुवातीला एका मुलीच्या आयईपीत, म्हणजे फक्त तिच्यासाठी आखलेल्या शिक्षण आराखड्यात, मी चौदा उद्दिष्टं लिहिली होती. जास्त लिहिलं म्हणजे जास्त काळजी, असं वाटायचं. चौदा उद्दिष्टांच्या नोंदी रोज ठेवणं कोणालाच जमत नाही, मग महिनाअखेरीस आठवून आठवून भरायचं आणि आपण खोटं लिहितोय ही टोचणी वेगळी. आता चार, फार तर पाच. आणि ती मोजता येतील अशी. 'संवाद सुधारेल' याला शेवटच नाही. 'वस्तू हवी असताना 10 पैकी 7 वेळा चित्रकार्ड देईल' हे झालं की नाही ते सांगता येतं. नोंद घरी न्यायची नाही. सत्र संपल्यावर लगेच पाच मिनिटं, पॅडवर टिकमार्क, बस. प्रत्येक उद्दिष्टाची नोंद रोज हवी असंही नाही. आठवड्यातले तीन दिवस ठरवले तरी दिशा दिसते.

आणि हीच नोंद पुढे आपल्याला तारते. आपल्या मुलांची प्रगती इतकी बारीक असते की रोज बघणाऱ्याला दिसत नाही. हात धुण्याच्या आम्ही आठ पायऱ्या केल्या होत्या. नळ उघडणं, हात ओले करणं, साबण घेणं असं करत हात पुसण्यापर्यंत. जूनमध्ये त्या मुलीला दोन पायऱ्या स्वतः जमायच्या, नोव्हेंबरमध्ये पाच. अहवालात दोन्ही वेळा 'आधार लागतो' हेच लिहिलं गेलं असतं आणि मी पाच महिने फुकट गेले असं समजून बसले असते.

सतत थकल्यासारखं वाटतं तेव्हा आधी एक गोष्ट तपासा. क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये बर्नआउट, म्हणजे कामानं पार पिचून जाणं, मोजायची जी प्रश्नावली मांडली, तिच्यात तीन अंगं आहेत : भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. पहिलं सगळ्यांना कळतं, दुसरं लवकर लक्षात येत नाही. एकदा मी एका मुलाचा उल्लेख 'ती दुसऱ्या रांगेतली केस' असा केला आणि स्वतःच दचकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या न हाताळलेल्या ताणाशी ते जोडलं आहे. म्हणून 'तुम्ही स्वतःची काळजी घ्या' असं सांगून कामाची रचना तशीच ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. आम्हाला एकदा ताणमुक्तीच्या कार्यशाळेत दीड तास श्वास घ्यायला लावला. त्या दीड तासाच्या नोंदी शाळा सुटल्यावर बसून लिहिल्या. श्वासाचा उपयोग नाही असं नाही. चिडलेल्या मुलाजवळ जाण्याआधीचे दोन-तीन सावकाश श्वास मी आजही घेते.

1979 मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी मांडलं, की कामाचा भार मोठा आणि त्यावर आपला ताबा कमी, ही जोडी सगळ्यात जास्त ताण देते. मुलांची संख्या कमी करणं माझ्या हातात नव्हतं. पण तासांचा क्रम मी मागून घेतला. सगळ्यात अवघड गट सकाळी, मी ताजी असताना. बसण्याची मांडणीही माझी. मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेलं की सहानुभूती मिळते. 'मला हा एक बदल हवा आहे, महिनाभर करून पाहू' असं म्हटलं की बहुतेकदा तो बदल मिळतो.

मदतनीस हा विषय कोणी मनावर घेत नाही, पण माझी निम्मी चिडचिड तिथलीच होती. मुलीनं स्वतः बूट घालावेत म्हणून मी थांबायचे, मदतनीस येऊन पटकन घालून द्यायच्या. त्यांचं काय चुकलं? मी सांगितलंच नव्हतं. आता शुक्रवारी दहा मिनिटं बसतो : कोणत्या मुलाला कुठे मदत करायची नाही, पुढच्या आठवड्यात काय बदलतंय. आमचा एक इशाराही ठरला आहे. "मी पाणी पिऊन येते" असं म्हटलं की समोरच्यानं काही न विचारता मुलाचा ताबा घ्यायचा. आवाज चढायच्या आत निघून जाता येणं फार मोलाचं असतं.

पालकांच्या बाबतीत माझी एक चूक सांगते. एका आईला मी उत्साहाच्या भरात म्हणाले, "सहा महिन्यांत बोलायला लागेल बघा." सहा महिन्यांनी ती समोर बसली होती आणि माझ्याकडे शब्द नव्हते. तारीख देऊ नका. संपर्कवहीत रोज तीन ओळी लिहा, त्यातली एक तरी जमलेल्या गोष्टीची. फोन आणि मेसेजना उत्तर द्यायची वेळ वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा. मी रात्री अकराला उत्तर दिलं होतं एकदा, त्यानंतर रोज रात्री अकराला मेसेज यायचा. दोष त्यांचा कसा म्हणू?

चावणं, केस ओढणं, मारणं होतं. केस बांधा, लोंबते डूल घालू नका, लांब बाह्या बऱ्या. लागलं तर त्याच दिवशी लेखी नोंद करा आणि कोणाशी तरी बोला. हसून सोडून देऊ नका. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा सकाळी शाळेच्या विचारानंच पोटात गोळा येत असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकांकडे जा. मी गेले होते. नंतर वयोगटही बदलून घेतला.

नोकरीच्या मुलाखतीत मी आता चार प्रश्न विचारते. वर्गात मुलं किती आणि मदतनीस किती? नोंदींसाठी वेळ वेळापत्रकात आहे का? मूल हिंसक झालं तर मी कोणाला बोलवायचं, आणि तो माणूस किती मिनिटांत येतो? नव्या शिक्षकाबरोबर पहिले तीन महिने कोण असतं? एका ठिकाणी चारही प्रश्नांना "जमवून घेतो आम्ही" हेच उत्तर मिळालं. पगार बरा होता. तिथे मी गेले नाही.