डिस्क मरायला टेकलीय की व्हायरस शिरलाय? हात लावण्याआधीची तयारी

कॉम्प्युटर रखडायला लागला, फोल्डर उघडेपर्यंत जीव कंटाळला, मध्येच निळा स्क्रीन आला, की बहुतेक जण अँटिव्हायरसचा फुल स्कॅन लावतात आणि झोपायला जातात. डिस्क खरोखर शेवटच्या घटका मोजत असेल, तर हेच सगळ्यात महागात पडतं. फुल स्कॅनमध्ये डिस्कवरची जवळपास प्रत्येक फाइल वाचली जाते. मरायला टेकलेल्या डिस्कची उरलीसुरली ताकद त्यात संपते आणि फोटो आतच राहतात. म्हणून आधी डेटा बाहेर काढायचा, व्हायरसचं नंतर बघायचं. आणि तयारी पूर्ण होईपर्यंत मशीन बंद ठेवायचं.

बंद करण्याआधी इंटरनेट तोडा, बाहेरून जोडलेल्या डिस्क काढून घ्या. टकटक किंवा खरखर ऐकू येत असेल, तर पुन्हा सुरूच करू नका. तो आवाज व्हायरसचा नसतो, आतला यांत्रिक भाग गेलेला असतो. डेटा मोलाचा असेल तर अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्यावी. फ्रीजमध्ये ठेवून डिस्क चालू होते हा सल्ला अजूनही फिरतो. तो मुळीच ऐकू नका. आत बाष्प धरलं की उरलेली आशाही संपते.

आवाज नसेल तर सामान जमवा. जुन्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी एक रिकामी डिस्क. किमान ८ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह. आणि ज्याच्याबद्दल शंका नाही असा दुसरा कॉम्प्युटर, कारण पेन ड्राइव्ह संशयित मशीनवर तयार करायचे नाहीत. एकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाका, म्हणजे विंडोजऐवजी थेट पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स सिस्टिम. रूफस नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. दुसऱ्यावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज घ्या. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, त्यामुळे मशीनला चालत असेल तर ११ घ्या. त्याच वेळी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. 'आपण बिटलॉकर लावलेलंच नाही' असं गृहीत धरू नका. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बसते. मोबाइलवरून लॉगिन करून ती बघता येते. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही डेटा हाती येत नाही.

लिनक्सचा पेन ड्राइव्ह मला या सगळ्यात अत्यावश्यक वाटतो, कारण तो दोन्ही शंकांवर एकदम चालतो. मशीन त्याच्यावरून सुरू केलं की विंडोज उठतच नाही, त्यामुळे आत दडलेला व्हायरसही उठत नाही आणि नव्या डिस्कला तो लागत नाही. शिवाय विंडोज पडद्यामागे डिस्कवर जी लिहालिही करत असतं, तीही थांबते. मशीन सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून बूट मेन्यू येतो. कोणतं बटण ते कंपनीवर अवलंबून आहे, आधीच शोधून ठेवा. पुढे 'ट्राय'चा पर्याय निवडा, 'इन्स्टॉल'ला हात लावू नका.

आता डिस्कची स्मार्ट माहिती बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. ती बघण्याने डिस्कवर ताण पडत नाही. लिनक्समध्ये 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये ती मिळते, विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये. तक्त्यात ओळी भरपूर असतात, पण नजर चारांवर ठेवा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर, अर्थात डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींपुढे शून्य हवं, आणि सी५ वाढत असेल तर वेळ घालवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतं, तिथे १० दिसले तर ते सोळा. चौथी ओळ सी७. फक्त तीच वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक असते, दोष डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून लिहून ठेवा, केबल बदला आणि आणखी वाढतो का बघा. लिनक्समध्ये सी५, सी६ आणि सी७ या ओळींचे क्रमांक १९७, १९८ आणि १९९ असे दिसतात.

सगळे शून्य दिसले तरी निर्धास्त होऊ नका. गूगलने २००७मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही दिसली नव्हती. एसएसडी, म्हणजे आत फिरणारे भाग नसलेली चिपची डिस्क, तर अनेकदा काहीच इशारा न देता दिसेनाशी होते. दिसतेय तोवर कॉपी करून घ्या.

कॉपी करताना आधी ते घ्या जे पुन्हा मिळणार नाही: फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, स्वतः लिहिलेलं, हिशेब. डेस्कटॉपवरचं, ब्राउझरचे बुकमार्क आणि आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल हमखास राहून जातात. सिनेमे आणि सेटअप सोडून द्या. एखाद्या फाइलवर गाडी अडली तर तिच्यामागे लागू नका, पुढची घ्या. सी५ मोठा असेल तर फाइल-फाइल काढण्यापेक्षा लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रत काढावी. ते आधी सुखासुखी वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागांकडे नंतर वळतं, आणि कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहितं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे जाता येतं. मॅप फाइल मात्र या दोन्ही डिस्क सोडून तिसऱ्या जागी ठेवा. चेक-डिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन, चालवायचंच असेल तर या प्रतीवर चालवा, मूळ डिस्कवर कधीही नाही.

डेटा बाहेर आला, आता व्हायरसची शंका. ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदललंय, न टाकलेलं एक्स्टेंशन दिसतंय, अँटिव्हायरस स्वतःहून बंद झालाय, या खुणा मालवेअरकडे बोट दाखवतात. पण दरवेळी एकाच फोल्डरवर अडकणं, कॉपीचा वेग मध्येच शून्यावर येणं हे डिस्कचं दुखणं. यात एक फसगत आहे. अँटिव्हायरसच्याच फाइलखाली खराब सेक्टर आला तर तोही सुरू होत नाही, आणि माणूस नसलेला व्हायरस शोधत बसतो.

डिस्क निरोगी निघाली असेल तर विंडोजमधल्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत तो होतो. डिस्क बदलायची असेल तर कोऱ्या डिस्कवर कोरं विंडोज घाला. जुन्या विंडोजची प्रत तशीच उतरवली तर व्हायरसही सोबत येईल. वाचवलेल्या फाइल उघडण्याआधी स्कॅन करा, आणि क्रॅक केलेलं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू नका. फाइलची नावं बदलून खंडणीची चिठ्ठी आली असेल तर पैसे देऊ नका, त्या फाइल पुसूही नका. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर अशा व्हायरसच्या काही प्रकारांनी अडकवलेल्या फाइल उघडणाऱ्या चाव्या फुकट मिळतात आणि नव्या येत राहतात.

पासवर्ड बदला ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात, मग बँक. सोबत 'सर्व ठिकाणांहून लॉगआउट' करा. चोरलेलं लॉगिन नुसत्या पासवर्ड बदलाने दरवेळी तुटत नाही. जुनी डिस्क लगेच फेकू नका. महिनाभर तरी ठेवा, काय राहिलं ते तेवढ्यात लक्षात येतं.